रंगारी आळीचा चौथा थांबा

डब्याच्या झाकणावर ठेवलेला फोन थरथरला आणि झाकण खडखडलं. आवाज एवढासाच, पण आमचं घर म्हणजे दीड खोली. ओट्यावर खुट्ट झालं की थेट गादीवर ऐकू येतं. मी झडप घालून फोन उचलला. ठमीने कूस बदलली, एक पाय माझ्या रिकाम्या उशीवर टाकला आणि पुन्हा गाढ झोपली. पाच वर्षांची पोर, पण झोपेत सगळी गादी तिच्याच नावावर.

नवरा पहाटेच्या पाळीला गेलेला. ठमी उठेपर्यंतचा तेवढा तास माझा असतो. तो मी चोरून वापरते: वाचते, टिपणं काढते, चहा गरम असतानाच पिते.

निरोप ऑफिसचा होता. ‘आजपासून चौथा थांबा रद्द. चर्च, मशीद, मंदिर आणि तिथून बस. नव्या मजकुराबाहेर काही बोलू नये. आज तपासनीस सोबत असतील.’

चहा गार झाला.

मी वारसा फेरीची गाइड. दर शनिवारी जुन्या शहरातून बारा पाहुण्यांना पायी फिरवते. चौथा थांबा म्हणजे रंगारी आळीतलं प्रार्थनाघर. कापड रंगवणाऱ्या लोकांचा एक लहानसा समाज होता, त्यांचा देव त्यांच्यापुरता. साठ वर्षांपूर्वी चाळीस घरं होती, आता एकही नाही. राहिली ती एक खोली, कापडाच्याच निळीने रंगवलेली, आणि तिची किल्ली. ती समोरच्या घड्याळवाल्या काकांकडे असते.

नियम असा, की तिथल्या भेटीच्या वहीत महिनाभर एकाही पाहुण्याची सही पडली नाही तर जागा वारसा यादीतून जाते. यादीतून गेली की पडते. तिथे बस उभ्या करायचं ठरलंय. पाहुण्यांच्या बससाठी पाहुण्यांनी बघायची जागा पाडायची, असा हिशेब.

आणि या महिन्यात वही कोरी होती. ठमीला कांजिण्या झाल्या, मी तीन शनिवार घरी बसले. बदली गाइडने उन्हाचं कारण सांगून पाहुण्यांना मंदिरातून थेट बसमध्ये बसवलं. आज महिन्यातला शेवटचा शनिवार.

ठमी उठली ती प्रश्न घेऊनच. “आज चपला कोण मोजणार?”

“तूच. बालवाडीला सुट्टी आहे ना.”

“मग मला पिशवी पण पाहिजे.”

डोक्यावर घ्यायच्या रुमालांची पिशवी तिच्या उंचीइतकी आहे. तरी ती फरफटत नेते आणि कुणाला हात लावू देत नाही.

चपला मोजायची पद्धत माझीच. पहिल्या वर्षी मी डोकी मोजायचे. एकदा मशिदीत प्रार्थनेला आलेला एक भला माणूस माझ्या मोजणीत धरला गेला आणि फेरीतले एक आजोबा वरच्या गच्चीत कोंडले गेले, दोन तास! सापडले तेव्हा म्हणाले, “बाई, नजारा फार छान होता, पण पुढच्या वेळी सोबत पाणी द्या.” तेव्हापासून दाराबाहेर आमच्या फेरीच्या चपला वेगळ्या रांगेत लावून मोजते. रांगेत एकही जोड उरला नाही, की आत कुणी मागे राहिलं नाही.

तपासनीस चर्चच्या पायरीशी उभे होते. इस्त्रीचा शर्ट, छातीशी धरलेली पाटी, तिला चिमट्याने लावलेला कागद. ठमीकडे बघून म्हणाले, “ही कोण?”

“मदतनीस,” ठमी म्हणाली.

त्यांनी ते कागदावर लिहिलंसुद्धा.

चर्चमध्ये मी मजकूर बोलले. मशिदीत मजकूर बोलले. मंदिरात तर शब्दही इकडचा तिकडे केला नाही. तपासनीस बोटाने ओळी लावत होते. बारा जोड उतरले, बारा जोड निघाले. मग आम्ही कोपऱ्यावर आलो. डावीकडे बस, उजवीकडे रंगारी आळी.

खरं सांगायचं तर जुना मजकूरही मला घशात टोचायचा. ‘व्यापार मंदावल्यामुळे हा समाज अन्यत्र गेला.’ चार वर्षं मी हे वाक्य हसतमुखाने म्हटलंय. एकदा पाहुणे गेल्यावर घड्याळवाले काका डोळ्यावरचं भिंग न काढता म्हणाले होते, “पोरी, व्यापार मंदावला म्हणून कुणी चुलीवर पातेलं तसंच ठेवून जात नाही. मी सात वर्षांचा होतो. सकाळी त्यांच्या घरात शिरलो तर पातेली होती, माणसं नव्हती.”

पुढचं मी पहाटेच्या वाचनात जुन्या कागदांतून शोधून काढलं. तरीही मी ते वाक्य म्हणत राहिले. नोकरी होती, भाडं होतं, कडेवर ठमी होती. कारणांना काय तोटा.

“बसकडे चला,” तपासनीस म्हणाले.

मी थांबले. बॅजची पिन पटकन निघेना. निघाली तेव्हा बॅज त्यांच्यापुढे धरला.

“हे काय?”

“ऑफिसची फेरी इथे संपली. हा धरा.”

“मी काय खुंटी आहे?”

“आज आहात.” मग मी पाहुण्यांकडे वळले. “मंडळी, तुमच्या तिकिटातलं सगळं दाखवून झालं. बस डावीकडे आहे. मी उजवीकडे चाललेय, गाइड म्हणून नाही, या शहरात राहणारी बाई म्हणून. तिथे एक खोली आहे. आज कुणी सही केली नाही तर पुढच्या महिन्यात ती नसेल. ज्यांना यायचंय त्यांनी या.”

“बाई, नोकरी जाईल,” तपासनीस हळू म्हणाले. धमकी नव्हती त्यात.

“माहिती आहे मला.”

“लहान पोर आहे तुम्हाला.”

“म्हणूनच तर,” मी म्हटलं. ठमीने पिशवी ओढत उजवीकडे चालायला सुरुवातही केली होती.

चौघे बसकडे गेले. एक काकू जाता जाता म्हणाल्या, “आमच्या गुडघ्यांची फेरी मंदिरातच संपली हो, नाहीतर आलो असतो.” आठ जण आले.

काकांनी आम्हाला येताना पाहिलं आणि हातातलं घड्याळ उघडंच टाकून उठले. “तीन शनिवार कुठे होतीस? मला वाटलं, तूही ऑफिसवाल्यांतली झालीस.”

“पोरीला कांजिण्या होत्या, काका.”

“मग ठीक. कांजिण्यांना माफ.” त्यांनी कुलपात तेल घातलेलं होतं, किल्ली एका झटक्यात फिरली.

आत नेहमीसारखाच जुन्या निळीचा आणि बंद लाकडाचा वास. खिडकीतून पडलेलं ऊनसुद्धा त्या भिंतींवर निळसर होतं. पाहुणे दबकत शिरले. मी मधोमध उभी राहिले. मजकूर नव्हता, बॅज नव्हता, हात कुठे ठेवावेत कळेना.

“इथे चाळीस कुटुंबं होती,” मी म्हटलं. “व्यापार मंदावला नव्हता. त्यांना एका रात्रीत हाकललं. हाकलणारे बाहेरचे नव्हते, याच आळीतले, शेजारचे. चार वर्षं मी इथे उभी राहून खोटं बोललेय. आज नाही बोलणार.”

कुणीतरी घसा खाकरला. काका दारात उभे होते, भिंग कपाळावर. ते म्हणाले, “माझे वडीलही होते त्यांच्यात.” एवढंच. पण ते त्यांनी मलाही कधी सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं हा माणूस कुलपात तेल का घालतोय, ते मला त्या क्षणी कळलं.

मग एकेकाने वहीत सही केली. एका शिक्षकाने सहीखाली लिहिलं, ‘खोली पाहिली. गोष्टही ऐकली.’ मी सगळ्यात शेवटी केली, पूर्ण नाव लिहून, पत्त्यासकट.

“आई!” बाहेरून ठमी ओरडली. “एक जोड जास्त आहे!”

बघितलं तर काळे, पॉलिश केलेले बूट, मोजे आत घडी करून ठेवलेले. तपासनीस आत, मागच्या भिंतीशी अनवाणी उभे होते, पाटी पाठीमागे धरून.

“मी फक्त तपासायला आलोय,” ते म्हणाले.

मी वही पुढे केली. त्यांनी मान हलवली. “सही नाही करणार. आणि बॅज ऑफिसात जमा करावा लागेल, बाई. अहवालही द्यावा लागेल.”

“द्या. जे झालं ते सगळं लिहा. मी काय बोलले तेही लिहा, शब्दन् शब्द. निदान तुमच्या कागदात तरी राहील.”

ते बूट घालायला बाहेर गेले. नाडी बांधायला त्यांना बराच वेळ लागला.

पाहुणे निघाले. ठमी पायरीवर बसून एकेक जोड बोटाने मोजत होती. शेवटची चप्पल हलली तशी तिने हात झटकले. “सगळे बाहेर आले. कुणी मागे नाही राहिलं.”

“शाबास,” मी म्हटलं आणि तिच्या शेजारी टेकले. तिच्या कपाळावर कांजिण्यांचा एक डाग अजून होता. त्यावर बोट ठेवलं. सोमवारपासून घरात एकच पगार. नवऱ्याला संध्याकाळी काय सांगायचं ते अजून जुळवायचं होतं. तरी चार वर्षांत पहिल्यांदाच घशात काही टोचत नव्हतं.

काका आत खिडकी लावत होते. ठमी त्या निळ्या खोलीकडे बघत बसली. मग माझा पदर ओढून म्हणाली,

“आई, ती चाळीस घरं रात्री गेली ना, तेव्हा त्यांच्या चपला कुणी मोजल्या?”