चांगुणाबाईंची पायगाडी

राहात्याहून निघताना कल्याणनं पेरूंनी शिगोशीग भरलेली पाटी मागच्या सीटपुढं, खाली पाय ठेवायच्या जागेत ठेवली होती. नगरला दारात पोचून बघतो, तर पाटी कलंडलेली आणि सात पेरू शिल्लक. कोल्हारपासून एक मोटारसायकलवाला हॉर्न वाजवत, हातवारे करत मागं लागला होता, तो कशासाठी हे त्याला आत्ता कळलं. त्याला वाटलं होतं की माणूस भांडायला येतोय, म्हणून त्यानं राहुरीपर्यंत गाडी नुसती दामटली होती.

त्याच्या बायकोनं, सुरेखानं, गाडीतलं एका बाजूला सरकलेलं पायपुसणं उचललं. खाली घरापुढची फरशी दिसली. फरशीवरून एक मुंगळा चालला होता.

"मोडीत घाला ही गाडी," सुरेखा म्हणाली.

पण गाडी तिच्या दिवंगत वडिलांची. ते गेल्यावर त्यांच्या मागं गाडी आणि सुरेखाची आई चांगुणाबाई अशा दोघी कल्याणकडं राहायला आल्या होत्या, आणि दोघींपैकी कुणाबद्दलही वाकडा शब्द काढायची त्याची छाती नव्हती.

"चार बोटांच्या भोकापायी कुनी गाडी मोडीत घालतं व्हय?" चांगुणाबाई कडाडल्या. "ठिगळ लावा. आन् मी संगं येनार. ह्यांची गाडी हाय, परक्याच्या हाती एकटी सोडायची न्हाई."

रविवार होता, कल्याणच्या सुप्यातल्या कंपनीला सुट्टी. सकाळीच जावई आणि सासू हनुमंतच्या वेल्डिंगच्या दुकानात हजर झाले. हनुमंत हा गंभीर माणूस. त्यानं सीटा काढल्या, मॅटिंग सोलून काढलं, पेट्रोलची नळी कुठून जाते ते बघून घेतलं आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन पत्रा टोचायला बसला. पहिल्याच टोच्याला स्क्रूड्रायव्हर आरपार. दुसऱ्याला मूठ आत. ड्रायव्हरच्या बाजूला त्यानं हातोडीनं नुसतं टकटक केलं, तर हातोडीच खाली पडली.

"टोचू नगा वो!" इंजेक्शन स्वतःलाच दिल्यासारख्या चांगुणाबाई कळवळल्या. "मगाशी येवढं नव्हतं."

"मावशी, हितं पत्रा न्हाईच. नुसत्या रंगावर रंग हुबा हाय," हनुमंत म्हणाला. "सडकं समदं काढावं लागतंय. चांगल्या पत्र्यापस्तोर गेल्याबिगर वेल्डिंग धरत न्हाई."

ग्राइंडर फिरत राहिला आणि चांगला पत्रा काही सापडेना. अकरा वाजेपर्यंत ड्रायव्हरच्या पायाखालची जमीन सरकली म्हणतात ती खरोखरच सरकली होती. कडेला वीतभर पट्टी तेवढी उरली. आता नवा पत्रा मापानं कापून जोडायचा, तोच लाईट गेली.

हनुमंतच्या मेहुण्याचं शेड पलीकडच्या गल्लीत होतं आणि तिथं जनरेटर होता. गाडी ढकलत न्यायचं ठरलं. पण ढकलायला दोन माणसं लागणार आणि स्टेअरिंग धरायला तिसरं.

"मी धरते," चांगुणाबाई म्हणाल्या.

"आत्या, तुम्हाला येतं का?" कल्याणनं विचारलं.

"धरायलाच सांगताय ना, जावईबापू? का उचलायचं हाय?"

सीट तर नव्हती. मग उरलेल्या पट्टीवर हनुमंतनं ऑइलचा रिकामा डबा पालथा घातला आणि त्यावर चांगुणाबाई विराजमान झाल्या. दार लावलं. मागून दोघांनी जोर लावला. गाडी जड होती, कल्याणचा जीव अर्धा झाला. कोपऱ्यापर्यंत आल्यावर मात्र ती एकदम हलकी झाली.

"लागली लाईनीला!" कल्याण खुशीत ओरडला.

झालं होतं असं, की डबा घसरून भोकातून खाली गेला होता आणि चांगुणाबाई आपोआप रस्त्यावर उभ्या राहिल्या होत्या. मुळात बाई बुटक्या, त्यामुळं जरा वाकलं की टपाखाली बरोबर मावत होत्या. स्टेअरिंग हातात, पाय डांबरावर. गाडी पुढं चालली म्हणून त्याही पुढं चालल्या. दोनदा "थांबा" म्हणाल्या, पण शेजारून टेम्पो चालला होता, कुणाला ऐकू गेलं नाही.

आणि गल्लीला उतार होता.

गाडी कल्याणच्या हातून सुटली. "हँडब्रेक ओढा!" तो पळत ओरडला.

"केबल काढून ठिवलीय!" हनुमंत मागून धापा टाकत म्हणाला.

मग कल्याणला गाडीखाली काहीतरी दिसलं. पुढच्या दोन चाकांच्या मध्ये आणखी दोन पाय पळत होते. पायांत सासूबाईंच्या चपला होत्या. लुगड्याचा कासोटा घट्ट होता आणि पावलं अशी टपाटप पडत होती, की कंपनीची बस चुकताना तोही कधी तसा पळला नव्हता. रसवंतीपुढं उभी असलेली माणसं ग्लास हातात धरून बघत राहिली. एक म्हातारा अदबीनं बाजूला झाला.

"सरका, सरका!" खिडकीतून आवाज आला. "गाडी पळतीया, मी न्हाई!"

समोर बांधकामाच्या वाळूचा ढीग होता. चांगुणाबाईंनी चाक गर्रकन वळवलं आणि गाडी वाळूत नाक खुपसून थांबली. कल्याण पळत पोचला. सुरेखाला काय सांगायचं, एवढंच डोक्यात फिरत होतं. त्यानं दार उघडलं. सासूबाई घामानं निथळत होत्या, अंबाडा सुटला होता, आणि चेहऱ्यावर असं हसू होतं की ते त्यानं लग्नापासून पाहिलं नव्हतं.

"लागलं का कुठं?"

"लागतंय कशाला? वळली बघा कशी! ह्यांनी तीस वर्सात येकदा हात लावू दिला न्हाई. म्हनायचे, तुला न्हाई जमायचं."

संध्याकाळपर्यंत काम झालं. मापाचा पत्रा बसला, कडेनं वेल्डिंगची शिवण फिरली, वर तांबडा प्रायमर, खालून काळा डांबरी लेप. हनुमंत त्यावर उभा राहून दोनदा उड्या मारून दाखवून गेला. सीटा बसल्या. कल्याण किल्ली घेऊन वळला, तर ड्रायव्हरच्या सीटवर चांगुणाबाई.

"आत्या, आता घरी जायचंय."

"व्हय की. पर आता बुडाला पत्रा लागला. मग ह्यात पाय कुठं ठिवायचं, त्ये दावा."

त्या दिवशी कल्याणनं कशीबशी किल्ली स्वतःकडं ठेवली. पण पुढच्या रविवारी तो मोकळ्या मैदानात शेजारच्या सीटवर बसला, हात हँडब्रेकवर. महिनाभरात बाईंनी डॉक्टरचा दाखला आणला, कॉम्प्युटरवरच्या परीक्षेत पंधरातली तेरा उत्तरं बरोबर दिली आणि शिकाऊ लायसन काढलं. क्लच अजून सुटतो तो झटक्यानं, आणि गाडी बेडकासारखी चालते. पण वळण मात्र अचूक.

"हात काडा त्या ब्रेकवरनं, जावईबापू," त्या म्हणतात. "मला भ्या वाटतंय तुमच्याकडं बघून."