स्वीडनच्या सभापती, कौसल्याची ग्रामसभा

कौसल्या सरपंच होऊन वर्ष होत आलं, पण ग्रामसभा अजूनही कारभारी नावाचे तिचे चुलत दीरच चालवायचे. खुर्चीत ती बसायची, बोलायचे ते. "वहिनी, तुम्ही निवांत बसा," म्हणून एकदा सुरू झाले की माणसं कंटाळून उठेपर्यंत थांबत नसत.

अशात घनसावंगीच्या एका संस्थेनं तिच्याकडं पाहुणी धाडली. बिर्गिता एकलुंड, स्वीडनच्या संसदेच्या माजी सभापती. पांढऱ्या केसांची, ताडमाड उंच बाई. दारातून आत येताना आधी कपाळच चौकटीला धडकलं. सोबत दुभाषी म्हणून संस्थेतली साक्षी होती.

सकाळी धपाटे खाता खाता कौसल्यानं साक्षीला म्हटलं, "या सभापती झाल्या कशा, इचार की."

बिर्गिताबाई खुलल्या. त्या उत्तरेकडच्या एका लहान गावात भूगोल शिकवायच्या. गावाची बस बंद झाली, तशा नगरपालिकेत जाऊन भांडल्या. इतक्या भांडल्या, की लोकांनी त्यांनाच निवडून दिलं. संसदेच्या निवडणुकीत दोनदा पडल्या, तिसऱ्यांदा आल्या. भाषणं अशी ठोकायच्या, की विरोधक कानात कापूस घालून बसायचे. मग पक्षानं नाव पुढं केलं आणि संसदेनं त्यांना सभापती निवडलं.

"मंग तर रान मोकळंच!" कौसल्या म्हणाली.

"कशाचं मोकळं!" बाईंचं म्हणणं साक्षीनं सांगितलं. "आमच्यात सभापतीनं वादात पडायचं नसतं, मतही द्यायचं नसतं. ज्याचा नंबर, त्याला बोलू द्यायचं आणि वेळ संपला की बसवायचं. पहिल्या वर्षी तर गप्प बसून माझं पोट दुखायचं."

कौसल्या पदर तोंडाला लावून हसली. पण धपाटा हातातच राहिला. बसवायचं? आणि लोक बसतात?

दुपारी ग्रामसभा भरली. पाहुणीला खुर्ची दिली होती, शेजारी साक्षी भाषांतराला. विषय एकच: एसटीसाठी निवारा कुठं बांधायचा. कारभारी उठले. "निवारा माझ्या हॉटेलापुढंच बराबर हाये. मागच्या खेपेला मी सायबाला भेटाय गेल्तो, तवा..."

साहेबाच्या घरचा चहा, साहेबाचा कुत्रा, सगळं येऊन गेलं.  कौसल्यानं समोरचा स्टीलचा तांब्या उचलला आणि टेबलावर ठाणकन आपटला. पाणी उडून थेट ग्रामसेवकाच्या चष्म्यावर.

"भाऊजी, झालं तुमचं. बसा. आता मालनमावशीचा नंबर."

कारभारी तोंड उघडं ठेवून उभेच राहिले. मागून कुणीतरी फिसकन हसलं, तसे खाली बसले.

मालनमावशी उठल्या. शाळेच्या कोपऱ्यावर पोरी उन्हात उभ्या राहतात, निवारा तिथंच पाहिजे, एवढं त्यांनी झकास मांडलं. पण तिथून गाडी जी सुटली, ती थेट जावेनं लग्नात केलेल्या अपमानावर गेली. कौसल्यानं पुन्हा तांब्या आपटला. "मावशी, जाऊबाईचं घरी बोलू."

आता बिर्गिताबाईंनाच राहवेना. त्या उठल्या आणि बस, बर्फ, आपलं गाव असं हातवारे करत सुरूच झाल्या. कित्येक वर्षांचं तुंबलेलं बाहेर पडत होतं. भाषांतर करता करता साक्षीला धाप लागली. गावकरी माना डोलवत होते. पाहुण्या बाईला थांबवणार कोण?

ठाण!

"बाई, बसा," कौसल्या म्हणाली. "तुमचा नंबर लावलेला न्हाई."

साक्षीचा चेहरा उतरला. हे सांगावं कसं? पण सांगायची गरजच पडली नाही. बिर्गिताबाई कौसल्याकडं बघतच राहिल्या, मग खदाखदा हसल्या आणि कारभाऱ्यांच्या शेजारी सतरंजीवर मांडी घालून बसल्या. कारभाऱ्यांनी त्यांना सरकून जागा दिली. दोघंही बसवलेलेच.

हात वर करायची वेळ आली. कौसल्याला निवारा मारुतीच्या पारापाशी, आपल्या घराजवळ हवा होता. तिचा हात अर्धा वर गेलाही, पण तिनं तो गपचूप मांडीखाली दाबला. सगळ्यात जास्त हात शाळेच्या कोपऱ्यासाठी उठले. तिला थोडं वाईट वाटलं, नाही असं नाही. तरी निर्णय तिनं खणखणीत आवाजात वाचून दाखवला आणि मग पाहुणीकडं वळली.

"हं, बाई. आता बोला."

बिर्गिताबाई उठल्या, पण काय बोलायचं होतं तेच त्या विसरल्या होत्या.