मोठी माणसं हिरमुसत नाहीत

आमच्या शब्दकोशाच्या कचेरीत एक रीत आहे. उदाहरणाचं प्रत्येक वाक्य चहाच्या वेळी मोठ्याने वाचायचं. एकाने जरी "असं कोण बोलतं?" म्हटलं, की वाक्य बाद. माझी बरीच वाक्यं अशी धारातीर्थी पडली आहेत.

त्या दिवशी माझ्या वाट्याला 'हिरमुसणे' आलं होतं. मी वाचलं, "खेळायला नेलं नाही म्हणून मूल हिरमुसलं." सगळ्यांनी माना डोलावल्या. पण आमच्या संपादक, मोठ्या बाई, बिस्किट बशीत ठेवून म्हणाल्या, "आणि मोठ्या माणसाचं?"

"मोठी माणसं हिरमुसत नाहीत, बाई. खिन्न होतात, फार तर नाराज."

"अहो, रुसलेल्याला ठाऊक असतं, कुणीतरी समजूत काढायला येणार. हिरमुसलेल्याला तेवढीही खात्री नसते. बिचारा आस लावून बसलेला असतो, इतकंच. त्याला वयाचं काय?"

मी सहजासहजी हार मानणारा नव्हे. पण तेवढ्यात लेकीचा फोन आला. ती लांबच्या शहरात नोकरी करते. तिची आई गेल्यापासून मला तीच एक. शनिवारी यायची होती. मी तिची खोली झाडली, गादीला ऊन दाखवलं, पडदेसुद्धा धुतले. घरी लग्न निघालंय का, असं शेजारी विचारून गेले होते.

"बाबा, सुट्टी नाही मिळाली रे. या वेळीही नाही जमणार."

"बरं. काम आधी," मी म्हणालो. हे वाक्य मला तोंडपाठ आहे. गेल्या दोन्ही खेपांना हेच म्हणालो होतो.

"ठेवू मग?"

हो म्हणायचं होतं, पण म्हणवेना. मला तिला बघायचं होतं. जेवताना समोर बसून ती माझ्या आमटीला नावं ठेवते, ते ऐकायचं होतं. बाईंकडे पाठ करून मी खिडकीशी गेलो.

"चिऊ, मी हिरमुसलोय गं."

 

"मग आधी का नाही बोललास?" ती म्हणाली. "मला वाटायचं, तुझं माझ्यावाचून छान चाललंय. म्हणून मी सुट्टीसाठी कधी भांडलेच नाही."