खडूमामाचं शेवटचं कबुतर

या, जवळ सरका. दाराशी बसलात तर अर्धी गोष्ट वाराच ऐकेल. देवाच्या माणसांची गोष्ट आहे. गोड आहे असं मात्र म्हणणार नाही.

एका गल्लीत, शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत एक नवराबायको फादर लोकांचे झगे सजवत. तो खडूने आकृती काढायचा, ती रेशमाने भरायची. म्हणून गल्लीतली पोरं त्यांना खडूमामा आणि सुईमामी म्हणत. आकृत्या जुन्या, येशूच्या पहिल्यावहिल्या भक्तांनी लपूनछपून भिंतींवर ओढलेल्या: मासा, जहाजाचा नांगर, कबुतर. छापा ठेवून गिरवणं मामाला पटत नसे. प्रत्येक कबुतर तो नव्याने काढी. आणि घरात एकच कायदा. रेघ त्याची, टाका तिचा, टाक्याने रेघ मोडायची नाही. तुमचं कबुतर कोंबडीसारखं सुटलंय, असं मामीने चिडवलं की तो म्हणायचा, शांतीला जरा अंग असावं गं.

नव्या फादरांचा झगा हातात असतानाच मामा कोसळला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. घेरावरचे मासे झाले होते, पाठीवरचा नांगर झाला होता. छातीवरचं कबुतर तेवढं राहिलं होतं. मामीला ते काढता आलं नसतं असं नाही. जन्मभर बघत आलेली ती, डोळे मिटून काढलं असतं. पण खाटेवरून तो एकटक त्या मोकळ्या जागेकडे बघत राही, आणि तिला वाटे, एवढं एक याच्या हातून होऊ दे, मग देवाने खुशाल न्यावं.

एका सकाळी तिने झगा फळीवर ताणला, फळी खाटेला टेकवली आणि त्याच्या डाव्या मुठीत खडू दिला. मूठ अडखळत सरकली. एक रेघ वर चढली, वळली, खाली घसरली आणि अर्ध्यातच थांबली. मामा घामाघूम झाला होता, पण डोळे हसत होते. चोच नव्हती, पंख नव्हते. दुसरी कोणी असती तर हळूच पंख जोडून मोकळी झाली असती. हिने कायदा पाळला. जशी रेघ तसा टाका, पांढऱ्या रेशमाचा, बारीक आणि घट्ट.

फादर झगा न्यायला आले. तरुण, भला माणूस. माशांवरून हात फिरवला, नांगर पाहून मान डोलावली आणि छातीशी आल्यावर त्यांचा हात थांबला. मामीला जिन्यात बोलावून हळू आवाजात म्हणाले, "मामी, हे कुणी काढलं ते मला कळतंय. पण लोक विचारतील हो. काय सांगू त्यांना?"

"कबुतर आहे म्हणावं."

फादरांनी झगा हळूच तिच्या हातात परत दिला. ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली, आणि मग तिलाही ते कबुतर दिसेनासं झालं.

खोलीत उजेड तो खाटेजवळच्या खिडकीतच. तिथेच बसून तिला टाके उसवावे लागले. मामा बघत होता. "माझा रंग चुकला," ती म्हणाली, "पुन्हा भरते." जन्मात त्याच्याशी खोटं बोललेली नव्हती, त्यामुळे जमलं नाही. मामाने तोंड भिंतीकडे वळवलं. ते पुन्हा इकडे वळलं नाही. रविवारच्या आत तो गेला.

घट्ट टाक्यांची भोकं कापडात राहिली होती. त्यांच्यावर बाजारातलं, मशीनवर केलेलं कबुतर बसवलं. सुबक, दोन्ही पंख सारखे. मामाच्या शवपेटीशी फादर उभे राहिले ते तोच झगा घालून. गाण्याचे सूर काय लागले होते, सगळे रडले. मामी मात्र फादरांच्या छातीकडे बघत होती, भोकं कुठून तरी दिसतील म्हणून. दिसली नाहीत. घरी येऊन तिने सुया डबीत घातल्या. ती डबी पुन्हा उघडली नाही.

तर माझ्या लेकरांनो, प्रार्थनेत सगळ्यांची नावं घेऊन झाली की क्षणभर थांबा, आणि खडूमामाची आठवण करा. त्याने कबुतर काढलं होतं.