ठकुबाईचा खांदा

“अक्का, पलीकडच्या पडद्याआड काय येगळं करतायसा तुम्ही?”

खांद्यावर शेकाची पिशवी घेऊन पडल्या पडल्याच ठकुबाईने विचारलं. प्रियदर्शनीने तिच्या खांद्यावरची पिशवी नीट बसवली.

“ती म्हातारी माझ्या मागनं आली. परवा वेणी घालून दाखवली तिनं. माझा हात अजून कानाच्या वर जाईना.”

“प्रत्येकाचा खांदा वेगळा असतो, मावशी.”

“आसंल की. पर तिचा खांदा धरून वढतायसा, दाबतायसा. मला नुसतं शेकून सोडतायसा.”

यावर प्रियदर्शनीपाशी उत्तर होतं, पण ते द्यायची मुभा नव्हती.

बंगळुरातल्या पीण्या औद्योगिक वसाहतीजवळच्या त्या इस्पितळात फिजिओथेरपिस्ट म्हणून तिची उमेदीची वर्षं गेली होती. आपल्या हातांनी लोकांना खरंच बरं वाटतं, की नुसते दिवस गेल्यानेच ते बरे होतात, हे एकदा धसास लावावं म्हणून चाळिशीत तिने मास्टर्सला नाव घातलं. सकाळी कॉलेज, दुपारपासून पेशंट. वर्गातली पोरं तिला ‘मॅम’ म्हणत आणि चहाला जाताना हाक मारायला विसरत. निपाणीहून भाऊ, जयसिंगराव, फोनवर म्हणायचा, “आता शिकून कुणाला दाखवायचंय?” दाखवायला खरंच कुणी नव्हतं. म्हणून ती फोन लवकर ठेवायची.

तिचा प्रबंध आखडलेल्या खांद्यावर होता. निम्म्या पेशंटना सांधा हाताने मोकळा करण्याची नवी पद्धत, निम्म्यांना नेहमीचा शेक आणि व्यायाम. कुणाला काय, ते चिठ्ठ्या टाकून ठरलेलं. ठकुबाईच्या वाट्याला शेक आला होता. अभ्यास संपल्यावर उरलेल्यांनाही नवे उपचार मिळणार होते. तोवर कुणाला काही सांगायचं नाही, असा नियम.

ठकुबाई चिकोडीकडची. व्हॉल्व्हच्या कारखान्यात पॅकिंगला होती. आठवडाभर कन्नड, हिंदी, इंग्रजी बोलणाऱ्या प्रियदर्शनीच्या तोंडून, भावाचा फोन सोडला तर, मराठी निघायचं ते या एका पलंगापाशीच. “जेवलासा काय?” हेही तिला दुसरं कुणी विचारत नव्हतं.

त्या दिवशी उठता उठता ठकुबाई म्हणाली, “उगादीच्या पाडव्यानंतर कामावर यायचं न्हाई म्हणाला सुपरवायझर. वरच्या फळीवर पेटी चढत न्हाई माझ्यानं. मग काय, गावाकडं सुनंच्या चुलीपुढं जाऊन बसायचं.”

तक्रारीचा सूर नव्हता. पदर सारखा करून ती निघूनही गेली.

दुसऱ्या दिवशी प्रियदर्शनी आपल्या मार्गदर्शकांकडे, वेणुगोपाल सरांकडे गेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“नवे उपचार जरूर द्या. पण मग ती अभ्यासातून बाहेर. तिच्या जागी नवा पेशंट घ्या, त्याचे सगळे आठवडे पूर्ण करा. ही परीक्षा हुकेल तुमची.”

“आणि थांबले तर?”

“थोड्याच महिन्यांचा प्रश्न आहे.”

“तोवर तिचं काम जाईल, सर.”

“मी नाही म्हणणार नाही,” सर हळूच म्हणाले. “पण तुमच्या बॅचमध्ये मागे राहणाऱ्या तुम्ही एकट्याच असाल.”

माणूस भला होता. रागवायचं तरी कुणावर?

पुढच्या खेपेला तिने शेकाची पिशवी बाजूला ठेवली. “मावशी, आज जरा दुखेल.”

“दुखू दे की.”

दुखलं. ठकुबाईने ओठ दाबून धरले, मधेच प्रियदर्शनीच्या आईचा उद्धार केला आणि लगेच हसली. हात कानावर गेला, मग डोक्यावर. उगादीच्या आधी ती पेटी फळीवर ठेवू लागली. सणाला पितळी डब्यात होळग्या, म्हणजे पुरणपोळ्या, घेऊन आली.

“आता सरी, समदं ठीक झालं न्हवं?”

“झालं. आता यायची गरज नाही.”

हे वाक्य प्रियदर्शनीने आजवर किती जणांना अभिमानाने ऐकवलं होतं. या वेळी ते बोलताना ती होळग्यांच्या डब्याकडे बघत होती. ठकुबाईने तिच्या गालावरून हात फिरवला, तोच हात, आणि ती गेली.

बॅचची मुलं पास होऊन पांगली. प्रियदर्शनी आणखी अर्धं वर्ष लायब्ररीत एकटी बसली. एके दिवशी दुपारी निकाल लागला. सरांनी अभिनंदन केलं. भाऊ म्हणाला, “संपलं ना एकदाचं?” मग जिन्यात उभं राहून तिने ठकुबाईला फोन लावला.

“कोण? हां, अक्का! बोला.”

“मावशी, मी पास झाले.”

“कशात?”

“परीक्षेत. शिकत होते ना मी.”

“आगं बया, तुमी अजून शिकत हुता? मला काय ठावं! लई झ्याक झालं बघा.”

“हात कसा आहे?”

“कंचा हात?” मागे मशीनं धडधडत होती. मग ठकुबाई खळखळून हसली. “इसरलेच बघा मी त्येला! थांबा, गाडी लागली मालाची, करते मागनं.”

फोन बंद झाला. प्रियदर्शनीलाही हसू आलं, पण ते वाटून घ्यायला जिन्यात कुणी नव्हतं.

आत पडद्याआड नवा पेशंट सदरा काढून बसला होता. तिने तळवे एकमेकांवर घासून ऊबदार केले, त्याच्या खांद्यावर ठेवले आणि कुठं दुखतंय ते कन्नडमध्ये विचारलं.