धारेचं इंग्रजी

"व्हेटस्टोन," मालोजी म्हणाला.

"म्हणजे?" नरसिंहरावांनी चष्म्यावरून पाहिलं.

"आपली सहाण की, अण्णा."

"सरी, बरोबर. पुढं."

मल्लेश्वरमच्या गल्ल्यांतून चाळीस वर्षं मालोजी सायकल स्टँडवर चढवून, पायडल मारत, चाकू-विळ्यांना धार लावत आला होता. एवढ्या काळात एकाही चाकूनं त्याच्याकडे इंग्रजीची मागणी केली नव्हती. पण आता गुडघे संपले होते आणि डॉक्टरनं पायडल बंद करायला सांगितलं होतं. एअरपोर्ट रोडवरच्या नव्या पंचतारांकित हॉटेलला बसल्या जागी चाकूंना धार लावून देणारा माणूस हवा होता. मुलाखत मात्र इंग्रजीत होती.

त्याचं जुनं गिऱ्हाईक नरसिंहराव ऑडिट ऑफिसातून निवृत्त झालेले. जन्मात त्यांनी चाकू चालवला तो फक्त आंब्यावर, त्यामुळे हा विषय शिकवायला त्यांना काहीच अडचण आली नाही. जाड शब्दकोशातून त्यांनी बावीस शब्द काढले. धार लावताना पात्याच्या पलीकडच्या अंगाला जी बारीक कोर उठते, तिला 'बर' म्हणतात, हे त्यांनी मालोजीला सांगितलं. मालोजी रोज शंभरदा त्या कोरेवरून अंगठा फिरवत असे. तिला नाव असेल असं त्याच्या मनात कधी आलं नव्हतं. त्यानं ते मान लववून स्वीकारलं.

पंधरा दिवस नरसिंहरावांच्या ओसरीवर हा पाठ चालला. त्यांच्या पत्नी कृष्णाबाई आतून म्हणाल्या, "इंग्रजीनं धार लागत असती, तर ह्या घरात एक विळी बोथट राहिली नसती."

मुलाखतीच्या दिवशी मालोजीनं बावीसच्या बावीस शब्द बिनचूक म्हटले. उंच पांढऱ्या टोपीतला शेफ खूश झाला. त्यानं एक हातभर लांबीचा चाकू पुढे केला. मालोजीनं दगड भिजवला, पातं बेताच्या कोनात टेकवलं आणि घासायला घेतलं. दहा मिनिटांत कागद उभा चिरला गेला. शेफच्या तोंडून "ब्यूटिफुल" निघालं. हा शब्द यादीत नव्हता, पण मालोजीला कळला.

मग शेफनं चाकूसाठी हात पुढे केला.

मालोजीनं हाताकडे पाहिलं. तो वाकला, दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवून आणखी वाकला, आणि चाकू शेफच्या बुटांपाशी, चकचकीत ओल्या फरशीवर ठेवला.

सगळं स्वयंपाकघर थांबलं. शेफनं का म्हणून विचारलं. मालोजीनं बावीस शब्द मनातल्या मनात पहिल्यापासून शेवटपर्यंत फिरवून पाहिले. मग शेफनं दोन बोटांनी चाकू उचलून सिंकमध्ये टाकला आणि "थँक यू" म्हणाला. हे यादीत होतं. मालोजीही "थँक यू" म्हणाला.

संध्याकाळी ओसरीवर नरसिंहरावांनी सगळं ऐकून घेतलं.

"अरे, हातात द्यायचा की."

"असं कसं अण्णा? पातं हातात दिलं की भांडण लागतं. नोकरी लागायच्या आधीच भांडण कशाला?"

"तिथं टेबल नव्हतं?"

मालोजीनं गुडघा चोळला. "होतं की," तो म्हणाला. "सुचलं नाही. चाळीस वर्षं खालीच ठेवतोय."

नरसिंहरावांनी शब्दकोश उघडला, बराच वेळ पानं उलटली आणि मिटून टाकला.

सोमवारी सकाळी मालोजीनं सायकल स्टँडवर चढवली आणि पायडलवर पाय ठेवला. पहिल्या फेरीलाच त्याचं तोंड वाकडं झालं. कृष्णाबाई विळी घेऊन बाहेर आल्या. नेहमीसारखी ती पायरीखाली ठेवायला त्या वाकल्या, त्याच्या गुडघ्यांकडे त्यांचं लक्ष गेलं आणि त्या तशाच सरळ झाल्या. त्यांनी विळी कंपाउंडच्या भिंतीवर ठेवली आणि दोन पावलं मागे सरल्या.

मालोजीनं ती उभ्यानंच उचलली, धार लावली आणि परत भिंतीवरच ठेवली.