भाचीचं खातं आठ दिवस बंद

नियम मीच केलाय, त्यामुळे रडायचं कोणाकडे? मी सांभाळतो त्या, आमच्या संस्थेच्या सामाईक कॉम्प्युटरला एकच दार आहे, एक छोटं मशीन. तिथे लॉगिन करायचं, काम रांगेत लावायचं, मग आतली मोठी मशीन्स ते करतात. दारातच कोणी जड काम काढलं, की त्याचं खातं आठ दिवस बंद.

आणि शुक्रवारी दुपारी ते दार तुंबवलं कोणी? माझ्या सख्ख्या भाचीने! बाईसाहेब सोर्स कोडपासून एक प्रोग्रॅम स्वतः बांधत होत्या, तोही दारातच बसून, आणि एका वेळी किती फाइली कम्पाइल करायच्या, म्हणजे मशीनच्या भाषेत उतरवायच्या, तो आकडा टाकायलाच विसरल्या. मशीनने सगळ्या एकदम घेतल्या. दीडशे लोकांचे पडदे गोठले आणि माझा फोन थांबेचना.

मी खातं बंद केलं. बाहेरच्यांना एक न्याय आणि घरच्यांना दुसरा, हे मला जमत नाही.

ती तडक माझ्या खोलीत आली. "मामा, सोमवारी प्रबंध द्यायचाय. शेवटचा आलेख राहिलाय, तो याच प्रोग्रॅममधून येणार."

"मग दारात चूल मांडताना अक्कल कुठे गेली होती?"

"हा प्रोग्रॅम सगळ्यांसाठी बसवून दे, असा मी अर्ज केला होता. आठ महिने झाले. तुझं उत्तर आलं, 'बघतो.'"

शोधला. होता. च्यायला, तोंडात मारल्यासारखं झालं.

खातं उघडणार नव्हतोच. पण अर्ज पुरा करायला कोण अडवतंय? शनिवारी सकाळी आतलं एक मशीन रीतसर मागून घेतलं आणि बांधायला बसलो. प्रोग्रॅमला आधी लागणाऱ्या तयार कोडच्या लायब्रऱ्यांपैकी एक जुनी, दुसरी नको तितकी नवी, तिसरी सापडेच ना. कार्टी मागे खुर्ची ओढून बसली, कीबोर्डला बोट न लावता. "मामा, ती नाही, तिच्या आधीची आवृत्ती." "मामा, सगळ्यात वरची चूक वाच, बाकीच्या तिच्यामुळेच आल्यात." तुला काय कळतं, म्हणणार होतो, पण आधी ती म्हणाली तसं करून बघितलं. बरोबर तिचंच होतं. हिला माउस धरायला मी शिकवलं होतं! ऊर भरून आला, पण तसं दाखवलं नाही. लगेच डोक्यावर बसली असती.

संध्याकाळी बांधून झालं, चाचण्याही पार पडल्या. तिचं खातं बंद, म्हणून तिचं काम मी माझ्या नावाने लावलं, रांगेत सगळ्यांच्या मागे. रविवारी आलेख आला, सोमवारी प्रबंध गेला.

आता, दुसऱ्याचं काम आपल्या नावाने चालवलं तर? त्यालाही आठ दिवस. तोही नियम माझाच. सोमवारी दुपारी मी माझ्या हाताखालच्या बाईंना म्हटलं, "माझं खातं बंद करा."

"अहो सर, काहीतरीच काय!"

"करा म्हटलं ना."

खातं नाही म्हणजे कामही नाही. गुरुवारी भाचीने विभागापुढे प्रबंध मांडला, तेव्हा मी खोलीला कुलूप लावून पहिल्या ओळीत जाऊन बसलो. नदीला पूर येणार हे गावांना किती तास आधी सांगता येईल, ते ती दाखवत होती. पाच वर्षं पोरीची कामं माझ्या मशीनवर चालली होती. ती कशाची, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.